पाच बोटांचा प्रश्न : गात्रजननाच्या संशोधनाचा इतिहास आणि त्यातील भारतीय दुवे

१

हाताची पाचही बोटे सारखी नसतात, ही म्हण आपण माणसामाणसांतील भेद समजून घेण्यासाठी वापरतो. परंतु भ्रूणविज्ञानाच्या अभ्यासकाने ती शब्दशः घ्यावी, इतका गंभीर प्रश्न तिच्यात दडलेला आहे. अंगठा आणि करंगळी ह्यांत अस्थी, कूर्चा, स्नायू, त्वचा ही द्रव्ये तीच असतात. दोहोंतील पेशींमध्ये जनुकांचा संचही तोच असतो. असे असता अंगठा अंगठ्याच्या जागी आणि करंगळी करंगळीच्या जागी का येते? भेद द्रव्यात नाही, वारशात नाही. मग तो कशात आहे?

जळगाव, अमळनेर किंवा धुळे येथील महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी ह्या प्रश्नाचा आरंभबिंदू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. कोंबडीच्या ७२ तासांच्या भ्रूणाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हृदय, डोळा, मेंदूचे फुगे ह्यांकडे लक्ष प्रथम जाते. धडाच्या कडेला दोन्ही बाजूंस दिसणारे दोन-दोन बसके उंचवटे विद्यार्थी वहीत काढतो, ‘पंखाचा अंकुर’ आणि ‘पायाचा अंकुर’ अशी नावे देतो आणि पुढे जातो. ह्या उंचवट्यांना प्रस्तुत लेखात ‘गात्रांकुर’ म्हटले आहे. बाहेरून पातळ अधित्वचेचे आवरण आणि आत मध्यस्तरातील एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा पुंजका, एवढीच त्याची रचना. तेथे ना हाड आहे, ना बोट. पुढील सातआठ दिवसांत मात्र त्यातून आराखड्यानुसार पूर्ण पंख तयार होतो.

हे कसे घडते, ह्या प्रश्नाला गेल्या शतकभरात दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. एका उत्तराचा भर संख्येवर होता : येथील पेशी अधिक वेगाने विभागतात, म्हणून येथे अवयव उगवतो. दुसऱ्याचा भर स्थानावर होता : प्रत्येक पेशीला आपण कोठे आहोत हे कळते आणि ती त्याप्रमाणे वागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गात्रजननाच्या संशोधनाचा इतिहास हा संख्येकडून स्थानाकडे आणि तेथून पुन्हा, अधिक जाणतेपणाने, संख्येकडे झालेला प्रवास होय. ह्या प्रवासातील एक निर्णायक दुवा भारतातील साध्या साधनांच्या प्रयोगशाळांनी जोडला. तो आपल्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच आढळतो, म्हणून त्याची नोंद येथे विस्ताराने केली आहे.

२

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते ह्याविषयी निरनिराळ्या आचार्यांची मते दिली आहेत. कोणी शिर म्हणतो, कोणी हृदय, कोणी नाभी. मार्कंडेयाचे मत असे की हातपाय प्रथम होतात, कारण गर्भाच्या हालचालींचे मूळ तेच. ही सर्व मते बाजूस सारून धन्वंतरीच्या मुखी जो सिद्धान्त घातला आहे तो असा : सर्व अंगे एकाच वेळी संभवतात, कोवळ्या आंब्यात कोय, गर, केसर हे सर्व असूनही ते सूक्ष्मपणामुळे वेगळे दिसत नाहीत, तसेच हे आहे. त्याच ग्रंथात तिसऱ्या महिन्यात दोन हात, दोन पाय व शिर ह्यांची पाच पिंडके दिसू लागतात असेही म्हटले आहे. आजच्या गणनेप्रमाणे मानवी भ्रूणात हाताचा अंकुर चौथ्या आठवड्यातच दिसू लागतो, तेव्हा कालनिर्देश जुळत नाही. परंतु हातपाय आधी आकारहीन पिंडाच्या रूपाने येतात, हे निरीक्षण बिनचूक आहे. प्राचीन ग्रंथात आधुनिक शास्त्र शोधण्याचा मोह टाळूनही एवढे म्हणता येईल की, ‘आधी काय आणि मग काय’ हा प्रश्न वादाचा विषय आहे हे त्या मंडळींनी ओळखले होते.

युरोपात ह्या प्रश्नाला आनुवंशिकतेची बाजू अठराव्या शतकाच्या मध्यास लाभली. बर्लिन येथील एका शल्यवैद्याच्या घराण्यात अनेक पिढ्या सहा बोटांची माणसे जन्मत होती. मोपर्तुई ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या घराण्याची वंशावळ तपासली. हे वैशिष्ट्य पित्याकडून येते तसेच मातेकडूनही येते हे त्याने दाखविले आणि केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता किती अल्प आहे ह्याचे गणितही मांडले. पुढे मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा प्रकाशात आल्यावर अवघ्या तीन वर्षांत, १९०३ साली, फॅराबी ह्यांनी पेनसिल्व्हेनियातील एका घराण्यातील आखूड बोटांचा वारसा त्या नियमांनुसार चालतो हे दाखविले. मानवातील मेंडेलीय गुणाचे हे पहिले उदाहरण मानले जाते. म्हणजे मानवी आनुवंशिकीचा श्रीगणेशाच बोटांवर झाला.

तथापि वंशावळीवरून एवढेच कळते की जनुकात फेर पडला तर बोटात फेर पडतो. जनुक आणि बोट ह्यांच्या मध्ये काय घडते, हे वंशावळ सांगत नाही. त्यासाठी भ्रूणाला हात घालणे आवश्यक होते.

३

हे काम प्रथम उभयचर प्राण्यांवर झाले. अमेरिकेत रॉस हॅरिसन ह्यांनी १९१८ साली सॅलॅमँडरच्या भ्रूणातील, ज्या जागी पुढे अग्रपाद उगवतो ती चकती अर्धी कापून टाकली. उरलेल्या अर्ध्या चकतीतून अर्धा नव्हे, संपूर्ण पाय तयार झाला. दोन चकत्या एकत्र जोडल्या तर त्यातून एकच पाय निघाला. अमुक पेशी म्हणजे अमुक बोट असा आधीपासून ठरलेला वाटा नसतो, हे ह्यावरून स्पष्ट झाले. पेशींचा समूह स्वतःचा आवाका ओळखून आराखडा त्यात बसवितो.

कोंबडीच्या अंड्याची सोय निराळी होती. कवचाला लहानशी खिडकी पाडावी, सूक्ष्म हत्याराने अंकुरावर शस्त्रक्रिया करावी, खिडकी बंद करून अंडे पुन्हा उबवणपेटीत ठेवावे आणि फळ काय मिळते ते पाहावे. खर्च अल्प, कौशल्य मात्र मोठे. १९५१ साली हँबर्गर व हॅमिल्टन ह्यांनी कोंबडीच्या भ्रूणविकासाच्या ४६ अवस्था निश्चित केल्या. त्यामुळे निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांचे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले.

जॉन सॉन्डर्स ह्यांचा १९४८ सालचा प्रयोग ह्या क्षेत्रातील मैलाचा दगड होय. गात्रांकुराच्या टोकाला अधित्वचेची एक जाडसर कड असते. तिला आपण ‘अग्रकंगोरा’ म्हणू. सॉन्डर्स ह्यांनी ती काढून टाकली, तेव्हा पंख अपुरा राहिला. कंगोरा लवकर काढला तर केवळ खांद्याजवळचा भाग तयार होई. उशिरा काढला तर मनगटापर्यंत मजल जाई आणि बोटे तेवढी उणी राहत. पंखाचे भाग मुळाकडून टोकाकडे क्रमाने निश्चित होतात आणि कंगोरा असेपर्यंतच हा क्रम पुढे चालतो, असा ह्याचा अर्थ लावला गेला.

त्यानंतर एडगर झ्विलिंग ह्यांनी अंकुराचे आवरण आणि गाभा वेगळे करून त्यांची अदलाबदल केली. पायाच्या गाभ्यावर पंखाचे आवरण चढविले तरी तयार होई तो पायच. १९५६ साली झ्विलिंग व हॅन्सबरो ह्यांनी अधिक बोटे असलेल्या उत्परिवर्तित कोंबड्यांवर हाच प्रयोग केला. उत्परिवर्तित गाभा आणि सामान्य आवरण ह्यांच्या जोडीतून अधिक बोटे निघाली. म्हणजे त्या जनुकाचा मूळ दोष गाभ्यात होता. मोपर्तुईच्या वंशावळीने उभा केलेला प्रश्न आता शरीरातील एका निश्चित ऊतकापर्यंत येऊन पोहोचला होता.

सॉन्डर्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आणखी एका प्रयोगाकडे लक्ष वेधले पाहिजे. ज्या पेशींतून मांडी व्हावयाची त्या काढून त्यांनी पंखाच्या टोकाशी, कंगोऱ्याखाली बसविल्या. त्यांतून मांडी झाली नाही, पंखाचे बोटही झाले नाही. झाली ती पायाची बोटे. त्या पेशींनी ‘आपण पायाच्या’ ही जुनी ओळख सोडली नाही. परंतु ‘आपण आता टोकाशी आहोत’ ही नवी सूचना मानली. कूळ आणि स्थान ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदल्या जातात, हे ह्याहून स्पष्टपणे सांगणे कठीण आहे.

४

ह्याच काळात कोंबडीचा भ्रूण महाराष्ट्रातील प्रायोगिक संशोधनात आला. त्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. लीला मुल्हेरकर ह्यांना द्यावे लागते. त्यांचे आडनाव खानदेशाला लागून असलेल्या बागलाणातील मुल्हेरची आठवण करून देते. एडिंबरो येथे कॉनरॅड वॅडिंग्टन ह्यांच्याकडे त्यांनी काम केले. भ्रूणातील आदिरेषेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या भागांची प्रवर्तनक्षमता हा त्यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा विषय होता. ट्रिपॅन ब्लू ह्या रंगद्रव्याचा भ्रूणावर होणारा परिणाम त्यांनी १९६० सालच्या निबंधात मांडला. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी ह्या विषयाची परंपरा रुजविली. १९४९ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हाचे पूर्व व पश्चिम खानदेश जिल्हे होते. १९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशातील प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुण्याशी बांधलेला होता.

पुण्यातील ह्या परंपरेचे मुख्य साधन म्हणजे डेनिस न्यू ह्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेली संवर्धनपद्धती. अंड्यातील बलकावरचे पातळ पटल भ्रूणासह उचलून ते काचेच्या कड्यावर ताणावयाचे, काचेच्या बशीत पातळ अल्ब्युमेनवर ठेवावयाचे आणि पेटीत सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानात वाढवावयाचे. काचेची कडी, बशी, चिमटा आणि उबवणपेटी एवढ्यावर भागते. खानदेशातील वैशाखात तर पेटी तापविण्यापेक्षा ती थंड राखण्याचीच चिंता अधिक असते. खोलीतील हवाच पेटीच्या तापमानापुढे जाते.

परंतु प्रत्येक साधन आपल्याबरोबर एक कुंपणही घेऊन येते. न्यू ह्यांच्या कड्यावर भ्रूण साधारणपणे एकदोन दिवसच नीट वाढतो. आदिरेषा, मज्जानलिका, हृदयाची पहिली स्पंदने हे सारे त्या अवधीत पाहावयास मिळते. गात्रांकुर मात्र उबवणीच्या तिसऱ्या दिवशी वर येतो, म्हणजे कड्यावरील भ्रूण बहुधा जेथे थांबतो त्याच्या पुढे. म्हणून आरंभीच्या अवस्थांसाठी काचेचे कडे आणि गात्रासाठी कवचातील खिडकी, अशी विभागणी झाली. कोणत्या प्रयोगशाळेत कोणता प्रश्न विचारला जातो, हे बरेचदा मेजावरील साधन ठरविते. इतिहास लिहिताना विद्वत्तेची तुलना करण्यापूर्वी साधनांची तुलना करावी, हा धडा येथे मिळतो.

५

आता संख्येच्या प्रश्नाकडे वळू. गात्रांकुर उंचावतो तो तेथील पेशी अधिक वेगाने विभागतात म्हणून, अशी समजूत स्वाभाविक होती. १९७० च्या सुमारास ती प्रत्यक्ष मोजून पाहण्यात आली. हॉर्नब्रुख व वोल्पर्ट ह्यांनी १९७० साली कोंबडीच्या अंकुरातील विभाजनांची गणना प्रसिद्ध केली. १९७१ साली सर्ल्स व जॅनर्स ह्यांनी दाखविलेली गोष्ट तर अनपेक्षित होती. अंकुर उगवण्यापूर्वी धडाच्या कडेच्या सर्व पेशी जवळपास सारख्याच वेगाने विभागत असतात. नंतर अंकुराच्या जागचा वेग वाढत नाही; शेजारच्या कुशीतील पेशींचा वेग मंदावतो. सारे शेत एकाच जोमाने वाढत असता आजूबाजूची वाढ थांबावी आणि एक वाफा उंच दिसू लागावा, तसे हे आहे. संख्येचा नियम खोटा ठरला नाही. परंतु प्रश्न बदलला. पेशी का विभागतात, ह्याऐवजी कोणत्या जागी त्यांना विभागत राहण्याची मुभा मिळते, असे विचारणे भाग पडले. हे स्थानाचे कोडे होते.

स्थानाची उपपत्ती लुईस वोल्पर्ट ह्यांनी १९६९ साली ‘स्थानमाहिती’ ह्या कल्पनेत मांडली. वोल्पर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतील स्थापत्य अभियंते. त्यांच्या मते ऊतकाच्या एका कडेला निर्माण होणारे एखादे द्रव्य दुसऱ्या कडेकडे विरळ होत जाते. पेशी आपल्या ठिकाणची त्याची तीव्रता ओळखते आणि तीनुसार आपले कार्य ठरविते. ह्या कल्पनेला पोषक असा प्रयोग सॉन्डर्स व गॅसलिंग ह्यांनी १९६८ साली केला होता. पंखाच्या अंकुराच्या मागील कडेचा लहानसा तुकडा त्यांनी दुसऱ्या अंकुराच्या पुढील कडेवर बसविला. कोंबडीच्या पंखाला तीन बोटे असतात. ह्या पंखांत सहापर्यंत बोटे आली आणि ती आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर होती. मागील कडेच्या ह्या भागाला ‘ध्रुवीकरणप्रदेश’ असे नाव पडले. १९७३ साली समरबेल, लुईस व वोल्पर्ट ह्यांनी मुळापासून टोकापर्यंतच्या क्रमासाठी दुसरी उपपत्ती सुचविली : कंगोऱ्याखालील पट्ट्यात पेशी जितका अधिक काळ राहते तितका टोकाकडचा भाग ती घडविते. हा काळ पेशी कदाचित आपल्या विभाजनांच्या मोजदादीने ओळखत असावी, असाही विचार पुढे आला. म्हणजे विभाजन हे केवळ वाढीचे साधन न राहता घड्याळाच्या जागी बसले.

परंतु ध्रुवीकरणप्रदेशातून पसरणारे ते द्रव्य कोणते, ह्याचा पत्ता लागत नव्हता. तो लागण्याच्या वाटेवर पहिली खूण सापडली ती जयपूर येथे.

६

जीवनसत्त्व ‘अ’ आणि अवयव ह्यांचा संबंध आधीच लक्षात आला होता. केंब्रिज येथे ऑनर फेल व एडवर्ड मेलनबी ह्यांनी १९५२ साली काचपात्रात वाढविलेल्या कोंबडीच्या भ्रूणाच्या हाडांवर ह्या जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचा परिणाम तपासला होता. त्यांतील कूर्चेचे द्रव्य विरून जाई. हा नाशाचा परिणाम होता, आराखड्याचा नव्हे.

राजस्थान विद्यापीठात नियाझी व सक्सेना ह्यांनी भेकाच्या डिंभांवर काम चालविले होते. डिंभाची शेपटी वा पाय कापला असता तो पुन्हा उगवतो. जीवनसत्त्व ‘अ’चा अतिरेक केल्यास काय होते, हा त्यांचा प्रश्न. शेपटीविषयीचे निष्कर्ष त्यांनी १९६८ साली आणि मागच्या पायाविषयीचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध केले. दुसरे निष्कर्ष विलक्षण होते. कापलेल्या जागेपासून पुढचा भाग उगवण्याऐवजी त्याहूनही मुळाकडचा भाग नव्याने उगवू लागला होता. पेशींची स्थानाविषयीची जाणीवच मागे सरकली होती. एखाद्या साध्या रासायनिक द्रव्याने अवयवाचा आराखडा बदलल्याचे हे पहिले उदाहरण होते. हा निबंध पोलंडमधील क्राकाव येथून निघणाऱ्या ‘फोलिया बायोलॉजिका’ ह्या नियतकालिकात आला.

चार वर्षांनी, १९८२ साली, लंडन येथे माल्कम मॅडन ह्यांनी ॲक्सोलॉटलमध्ये हाच परिणाम सविस्तर दाखविला. मनगटाशी कापलेल्या जागी संपूर्ण हात खांद्यापासून उगवला. मॅडन ह्यांनी नियाझी व सक्सेना ह्यांच्या कामाचा निर्देश केला होता. त्याच वर्षी शेरिल टिकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेटिनॉइक आम्लात भिजविलेला तुकडा कोंबडीच्या अंकुराच्या पुढील कडेवर ठेवला आणि ध्रुवीकरणप्रदेशाच्या कलमाने मिळते तशीच प्रतिबिंबित बोटे मिळविली. जयपूरच्या निरीक्षणाला आता उपपत्तीचे घर मिळाले.

येथे क्षणभर थांबावयास हवे. १९७८ सालचे निरीक्षण आणि १९८२ सालचे निरीक्षण ह्यांत तथ्याच्या दृष्टीने मूलभूत अंतर नव्हते. अंतर होते ते भोवतालच्या प्रश्नात. लंडनमध्ये ‘स्थानमाहिती’ ही कल्पना दहाबारा वर्षे चर्चेत होती आणि तिला एका द्रव्याची प्रतीक्षा होती. त्यामुळे तेथे हे निरीक्षण पडताच ते उत्तर ठरले. अन्यत्र ते काही काळ एक चमत्कारिक नोंद म्हणून राहिले. ह्याचा दोष एखाद्या व्यक्तीवर टाकण्यात अर्थ नाही. तथापि ‘आपल्याकडे साधने नव्हती’ हे जे सबळ कारण आपण नेहमी पुढे करतो, ते येथे लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. डिंभ, पाण्याचे भांडे आणि जीवनसत्त्व एवढ्यावर हा शोध लागला होता.

भारतीय दुव्याचा दुसरा टप्पा भुवनेश्वर येथील. उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी, एस. के. दत्त व पी. महापात्र ह्यांनी द्वीपकल्पीय भारतात आढळणाऱ्या, पावसाच्या आरंभी जमिनीतून वर येणाऱ्या एका फुगीर बेडकाचे डिंभ घेतले. शेपटी कापून त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ दिले, तेव्हा शेपटीच्या जागी पाय उगवले. हा निष्कर्ष १९९२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशीत एका अंगाच्या जागी दुसरे अंग उगवल्याची उदाहरणे ठाऊक होती. पृष्ठवंशी प्राण्यात एका द्रव्याने शेपटीचे पाय व्हावेत, हे अपूर्व होते. पुढच्याच वर्षी मॅडन ह्यांनी युरोपातील बेडकात त्याला दुजोरा दिला.

७

मात्र अंकुरातील स्वाभाविक संदेश रेटिनॉइक आम्लाचा आहे, हे अनुमान टिकले नाही. १९९१ साली असे दिसले की हे आम्ल बोटांना थेट आदेश देत नाही. ते आधी नवा ध्रुवीकरणप्रदेश निर्माण करते. खरा संदेशवाहक १९९३ साली सापडला. फळमाशीच्या अळ्यांवर काटेरी आच्छादन आणणाऱ्या एका उत्परिवर्तनाला न्युसलाइन-फोलहार्ड व विशाउस ह्यांनी १९८० साली ‘हेजहॉग’ असे नाव दिले होते. त्याच कुळातील ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक अंकुराच्या नेमक्या मागील कडेला कार्यरत असते, हे रिडल, टॅबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ते जनुक पुढील कडेवर कार्यान्वित केले की प्रतिबिंबित बोटे उगवत. अग्रकंगोऱ्याचे कार्य तंतुपेशी-वृद्धिघटक ह्या प्रथिनांकरवी चालते, हेही त्याच सुमारास सिद्ध झाले. १९९५ साली तर ह्या घटकात भिजविलेला मणी धडाच्या कुशीत ठेवून तेथे अतिरिक्त गात्र उगवून दाखविण्यात आले.

ह्यानंतर जुन्या वंशावळींची उत्तरे एकामागून एक मिळत गेली. हेजहॉगचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या साखळीत ‘ग्लाय-३’ नावाचे जनुक आहे. भारतातील एका कुटुंबात करंगळीच्या बाजूस येणाऱ्या सहाव्या बोटाचा वारसा ह्याच जनुकातील दोषामुळे चालतो, हे उप्पला राधाकृष्ण व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. फॅराबींनी वर्णिलेल्या प्रकारच्या आखूड बोटांचे मूळ २००१ साली ‘इंडियन हेजहॉग’ ह्या जनुकात सापडले. हे नाव ज्या प्राण्यावरून दिले तो काटेरी, किडे खाणारा जीव आपल्या देशातील शुष्क प्रदेशात राहतो. वाढत्या हाडातील कूर्चापेशींनी किती काळ विभागत राहावे आणि केव्हा थांबावे, ह्यावर ह्या जनुकाचे नियंत्रण असते.

त्याहून महत्त्वाचा बोध २००३ साली झाला. अंगठ्याच्या बाजूस अधिक बोट येणाऱ्या अनेक कुटुंबांत सॉनिक हेजहॉग जनुक निर्दोष आढळले. दोष होता तो त्यापासून सुमारे १० लाख आधारक-जोड्या दूर असलेल्या एका छोट्या नियामक खंडात. हा खंड प्रथिन घडवीत नाही. जनुक कोठे व केव्हा जागे व्हावे एवढेच ठरवितो. २०१६ साली उंदरातील हा खंड काढून तेथे अजगराचा वा नागराजाचा तत्सम खंड बसविण्यात आला, तेव्हा त्या उंदरांचे पाय खुंटले. सर्पांच्या पूर्वजांनी पाय गमावले त्या इतिहासाचा एक भाग ह्या खंडात कोरलेला आहे. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : अंगठा व करंगळी ह्यांतील भेद कोणते जनुक आहे ह्यात नसून ते कोठे, केव्हा आणि किती वेळ बोलते ह्यात आहे.

मग पेशीविभाजनाचे काय? २००८ साली कोंबडीवर टिकल ह्यांच्या प्रयोगशाळेत आणि उंदरावर अमेरिकेत झालेल्या संशोधनांतून असे निष्पन्न झाले की सॉनिक हेजहॉग बोटांची ओळख ठरवितो आणि त्याच वेळी ती बोटे मावतील एवढ्या पेशींची वाढही राखतो. ओळख आणि संख्या ह्या एकाच आदेशाच्या दोन बाजू आहेत. २०१० साली अंकुराचा त्रिमित आकार संगणकाद्वारे अभ्यासला असता आढळले की विभाजनाचा वेग ठिकठिकाणी कमीअधिक असतो, परंतु केवळ तेवढ्याने लांबट अंकुर तयार होत नाही. पेशींच्या हालचालींना दिशा असावी लागते. आणि जेथे पेशी मरतात तेथेही आकार घडतो. कोंबडीच्या पायाच्या बोटांमधील पेशी ठराविक वेळी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. बदकात त्यांचा मृत्यू रोखला जातो म्हणून पडदा उरतो. विभाजन, दिशा आणि मृत्यू ही तिन्ही जनुकांची हत्यारे होत. स्थानाची जाणीव हा ती हत्यारे चालविणारा हात होय.

ह्याही चित्रात वाद उरले आहेत. काळ मोजणाऱ्या पट्ट्याच्या उपपत्तीवर २००२ साली गंभीर आक्षेप घेतले गेले. २०११ साली मुळाकडून येणारे रेटिनॉइक आम्ल आणि टोकाकडून येणारे वृद्धिघटक ह्यांच्या परस्परविरोधी प्रभावाची उपपत्ती पुढे आली. अंकुरात ह्या आम्लाचे स्वाभाविक कार्य नेमके किती, ह्यावर अद्याप एकमत नाही. जयपूरने उपस्थित केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही, असे म्हणता येईल.

८

ह्या इतिहासातून आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? एक असे की, ह्यातील निर्णायक प्रयोग अंडे, डिंभ आणि सुई ह्यांवर झाले. जनुकांची यंत्रे पुढे आली. परंतु त्यांनी कोठे पाहावे, हे त्या जुन्या प्रयोगांनी आधीच दाखवून ठेवले होते. दुसरे असे की, निरीक्षण अचूक असणे पुरेसे नाही. आपण पाहिलेली गोष्ट कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरू शकते, ह्याचा विचार निरीक्षकाने स्वतः करावयास हवा. नाही तर तो विचार दुसरा कोणी करतो आणि निरीक्षण त्याच्या नावाच्या तळटीपेत जाते. त्यासाठी आपल्या विषयाबाहेरचे वाचन, प्रश्नांची चर्चा आणि ती चर्चा आपल्या भाषेत करण्याची सवय लागते. ह्या तिन्ही गोष्टींना अनुदानापेक्षा नियमितपणा अधिक लागतो.

७२ तासांच्या भ्रूणाची ती काचपट्टी आजही जळगावच्या आणि धुळ्याच्या प्रयोगशाळांतील पेट्यांमध्ये आहे. पुढच्या वेळी ती भिंगाखाली येईल तेव्हा हृदय व डोळा पाहून झाल्यावर धडाच्या कडेचे ते उंचवटे थोडे अधिक वेळ पाहावेत. तेथे अजून बोटे नाहीत. परंतु कोणते बोट कोठे यावयाचे, ह्याची बोलणी त्या वेळी सुरू झालेली असतात.